उल्हास गावस आणि पाचवा खण

जे जपून ठेवलं जातं ते कधीच नष्ट होत नाही. हे वाक्य माझं नाही. आमच्या डिचोलीच्या ग्रंथालयात ध्वनिसंग्रहाची खोली आहे, तिच्या दाराशी ते संगमरवरात कोरून बसवलेलं आहे. खाली अध्यक्षांचं नाव, वाक्यापेक्षा जरा मोठ्या अक्षरांत. पाटी बसवली त्या सकाळी उल्हास गावस हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन तिच्यापुढे उभा राहिला, ओठ हलवत त्याने ते वाक्य दोनदा वाचलं आणि मला म्हणाला, "पाच वर्सां, मास्तर. थंड ठेवलां तर सा." आत जे यंत्र होतं, ज्यात आम्ही सगळं जपून ठेवणार होतो, त्याच्याबद्दल तो बोलत होता. अध्यक्षांना ते ऐकू गेलं नाही. गेलं असतं तरी त्यांनी पाटी बदलली नसती.

तो गेल्याची बातमी मला ग्रंथालयाच्या सभासदांच्या ग्रुपवर समजली. सकाळी कुणीतरी गुलाबाच्या फुलासह सुप्रभात घातलं होतं, त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली होती. मी आधी समजलो ती सुप्रभातला दिलेली उत्तरं आहेत. मग खाली सरकत गेलो, आणि मध्येच कुठेतरी त्याचं नाव दिसलं... बावन्न वर्षांचा होता. बाराव्याला मी केरीला गेलो. केरी म्हणजे पेडण्याची, समुद्राकाठची. सत्तरीतही एक केरी आहे आणि त्यामुळे उल्हासची निम्मी पत्रं आयुष्यभर तिकडे जात राहिली. जेवणं झाली, माणसं पांगली, तेव्हा त्याची बायको रेखा माझ्याजवळ येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. रडून झालेलं होतं, चेहऱ्यावर नुसता थकवा उरला होता. म्हणाली, "मास्तर, एक विचारतंय. तां मशीन खरांच ह्यांनी बिघडयलां?"

गेली दोन वर्षं डिचोलीत आणि पेडण्यात लोक तसंच समजतात. ग्रंथालयाच्या इतिवृत्तातही तसंच लिहिलं आहे: तंत्रज्ञाच्या चुकीमुळे संग्रहाचा काही भाग नष्ट. मी तिला म्हटलं, "नाही. मी बिघडवलं." तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं. मग म्हणाली, "मगे तां पेपरात लिवा. हय लोक पेपर वाचतत." एवढ्यासाठी हा लेख आहे. बाकी उल्हासला लेखबिख आवडला नसता. त्याच्या मते चार ओळींत न मावणारी तक्रार नीट तपासलेली नसते.

उल्हास मूळचा खाणीवरचा. म्हणजे खनिज खणणारा नव्हे. खनिज भरून जाणारे ट्रक जिथे वजन करायला थांबतात त्या काट्यावरचा संगणक सांभाळणारा. डिचोलीच्या आसपास खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकांची रांग सकाळी सुरू व्हायची ती उन्हं कलेपर्यंत तुटायची नाही, आणि काटा बंद पडला की रांग गावाच्या तोंडाशी यायची. तिथे त्याने दुरुस्ती शिकली. तांबडी धूळ यंत्रात शिरायची, तशी ती त्याच्या कॉलरीत, कानांत, डब्यातल्या भाकरीवरही असायची. पुढे खाणी थांबल्या, काटा गंजला, आणि उल्हास स्कूटर घेऊन वाळपईपासून पेडण्यापर्यंत कार्यालयांचे संगणक दुरुस्त करत फिरू लागला. पण काट्यावरची शिस्त त्याने सोडली नाही. बंद पडलेल्या यंत्रासमोर आला की तो आधी कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसायचा आणि हात मांडीवर ठेवून पाहत राहायचा. पाच मिनिटं, कधी दहा. बघणाऱ्याला वाटावं की हा थकून टेकला आहे. मग विचारायचा, "काल काय बदललां?" सगळीकडे उत्तर एकच, काहीच नाही. तो मान हलवायचा आणि पुन्हा विचारायचा. तिसऱ्या वेळी कुणाला तरी आठवायचं की काल पंखा हलवला, किंवा झाडताना वायर निघाली होती ती परत खोचली. "धूळ पयली, शंका मगे," असं तो म्हणे. मी शाळेत तीस वर्षं भाषा शिकवली; निदान करण्याची इतकी आटोपशीर पद्धत मला एकाही निबंधात सापडली नाही.

निवृत्तीनंतर मी ग्रंथालयाचा चिटणीस झालो आणि आम्ही ध्वनिसंग्रह सुरू केला. कल्पना साधी होती. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या म्हाताऱ्या बायकांची ढालोंची, म्हणजे ओळीने नाचताना म्हणायची, गाणी, जुन्या दशावतारी नटांची संभाषणं, कुणाच्या तरी आजोबांनी सांगितलेली शेताच्या बांधांची नावं, हे सगळं रेकॉर्ड करून एका जागी ठेवायचं. जागा म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांची खोली. तिला एकच जनेल, तेही मागच्या भिंतीकडे उघडणारं. उल्हासने तिथे एक काळं यंत्र आणून बसवलं, फार तर भांड्यांच्या फडताळाएवढं, त्यात शेजारी शेजारी आठ खण आणि प्रत्येक खणात एक डिस्क. समितीला हे समजावणं माझ्याने झालं नसतं. उल्हासने समजावलं. म्हणाला, भजनाला आठ जण बसलेत असं धरा. एक जण तंबाखू थुंकायला उठला तर अभंग थांबतो का? बाकीचे ओढून नेतात. तो परत आला किंवा त्याच्या जागी दुसरा बसला, की त्याला बाकीच्यांनी कुठवर आलो ते सांगायचं. "पण दोघे एकदम उठले," तो म्हणाला, "तर अभंग बंद." समितीतले निम्मे भजनी होते, त्यांना पटलं. मग त्याने लगेच सांगितलं की म्हणून सगळ्या संग्रहाची एक दुसरी प्रत, दुसऱ्या गावात, दुसऱ्या छपराखाली ठेवायला हवी. यावर अध्यक्ष म्हणाले की पुढच्या वर्षी बघू, आणि उद्घाटनाच्या मांडवाच्या विषयाकडे वळले.

एक डिस्क जायची ती वर्षा-दीड वर्षाने. यंत्र पीं पीं करू लागायचं, त्या खणावरचा हिरवा दिवा नारिंगी व्हायचा. उल्हास यायचा, बसायचा, बघायचा. आणि खणाला हात लावण्याआधी एक विधी करायचा, ज्याचा मला कंटाळा होता. पडद्यावर मेलेल्या डिस्कचा नंबर येतो, बारा-तेरा आकड्या-अक्षरांचा. तोच नंबर खणाच्या कडेला त्याने स्वतः चिकटवलेल्या पट्टीवर असायचा. पडद्यावरचा तो मोठ्याने वाचायचा, मी खणावरचा मोठ्याने वाचायचा, मग आम्ही अदलाबदल करून पुन्हा वाचायचं. एक अक्षर जरी मी गिळलं तरी पहिल्यापासून. मी एकदा म्हटलं, हे काय लावलंय, सत्यनारायणाचा संकल्प आहे का? तो म्हणाला, "संकल्पात चूक झाली तर देव समजून घेता. ह्यो घेणा नाय." मी हसलो. मला उगाच थाटमाट आवडत नाही, आणि त्या वेळी मला हाही त्यातलाच एक वाटला. सभांमधले नारळ, शाली, स्वागतगीतं, आणि हे नंबर वाचणं. सगळं एकाच टोपलीत टाकण्याची सवय मला होती. टोपली मोठी असली की माणूस निवडत बसत नाही.

खंडेनवमीला ग्रंथालयात हत्यारांची पूजा होते. आमची हत्यारं म्हणजे पंच, स्टेपलर, बाइंडिंगचा दाभण आणि हल्ली ते काळं यंत्र. पूजा सांगायला भट नसतो, शेवंती करते. शेवंती आमच्याकडे झाडलोट करते आणि कुठल्या वस्तूला किती मान द्यायचा हे तिलाच ठाऊक असतं. झेंडूची माळ यंत्रावर, आणि आठही खणांना एकेक टिळा, हळदीवर कुंकू, ओलं. टिळा कपाळावर लावायचा असतो. खणाचं कपाळ कुठलं? तर जिथे दिवा आहे ते, कारण दिवा म्हणजे डोळा आणि कपाळ तिथेच कुठेतरी. दरवर्षी ती असंच करायची, आणि दसरा झाल्यावर उल्हास येऊन कापसाने एकेक दिवा पुसून जायचा. शेवंतीला तो कधी काही बोलला नाही. मला म्हणाला होता, "तिचां बरोबर असा. पुसूचां काम माझां." त्या वर्षी तो पुसायला आला नाही. पाय सुजत होते म्हणून त्याला म्हापशाच्या इस्पितळात तपासण्यांसाठी बोलावलं होतं. आम्हाला वाटलं, स्कूटरवर बसून बसून सुजले असतील.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी दुपारी यंत्र पीं पीं करू लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीहून पाहुणे येणार होते, संग्रह बघायला, फोटोग्राफरसह. मी उल्हासला फोन केला. तो इस्पितळाच्या रांगेत होता, मागे कुणाचं तरी नाव पुकारत होते. म्हणाला, "एक गेली तर चलता, मास्तर. हात लावू नकात. सकाळी येतंय." अध्यक्ष माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, पाहुण्यांसमोर मशीन रडता कामा नये, मास्तर, तुम्ही इतक्यांदा बघितलंय, नवी डिस्क कपाटात आहे, बदलून टाका ना. मी शिकलेला माणूस. उल्हासने दोनदा बदललेली डिस्क मी शेजारी उभा राहून पाहिलेली होती. नंबरही वाचले होते. आवाज बंद करायचं बटण यंत्राच्या मागे होतं, हे मला नंतर कळलं.

मी खणांकडे पाहिलं. आठ टिळे, वाळलेले. पाचव्या खणावर शेवंतीने हात सैल सोडला होता, तिथे हळदकुंकवाचा जाड पोपडा, दिवा पूर्ण झाकलेला. चौथ्यावर थर पातळ आणि त्यातून एक मंद नारिंगी उजेड येत होता. बाकीचे कडेकडेने हिरवे दिसत होते. म्हणजे चौथा. पडद्यावर नंबर बघायचं माझ्या मनात आलं होतं, हे मी खोटं सांगणार नाही. पण वाचून दाखवायला समोर होते अध्यक्ष, आणि त्यांच्याबरोबर तो संकल्प सोडायची मला लाज वाटली... मी चौथा खण ओढला. तो उजेड हिरव्याचाच होता, कुंकवातून आलेला. मेलेली डिस्क पाचव्यात होती, पोपड्याआड. पीं पीं थांबलं आणि एक लांब, सरळ आवाज सुरू झाला. मी दचकलो, आणि आत अजून फिरत असलेली ती डिस्क हातातून सुटून टेबलाच्या कडेवर आपटली. वीतभर उंचीवरून. अध्यक्ष म्हणाले, "आवाज बदलला, म्हणजे काहीतरी झालं." ते बरोबर होतं.

उल्हास तासाभरात आला, म्हापशाहून, मनगटाला सुई काढल्याचा कापूस तसाच. त्याने विचारलं कोणी काढली. मी सांगितलं, मी. त्यानंतर त्याने एवढंच विचारलं की नंतर पडद्यावर काही दाबलं का. पडद्यावर यंत्र विचारत होतं, सगळं नव्याने मांडू का; हो म्हटलं असतं तर सगळं पुसलं गेलं असतं. मी काही दाबलं नव्हतं, त्याचं श्रेय माझ्या शहाणपणाला नाही. चष्मा वाचनकक्षात राहिला होता. उल्हासने कदेल ओढलं आणि बसला. खूप वेळ बसला. मग कापूस मागितला, आणि आठही दिवे एकेक करून पुसले.

पुढचे अकरा दिवस तो त्या खोलीत होता. दुसऱ्या दिवशी पाहुणे येऊन गेले, त्यांना शेजारच्या खोलीत तालुक्याचा इतिहास दाखवण्यात आला. उल्हासने आठही डिस्कांवर पेन्सिलीने खणाचा आकडा घातला आणि एकेकीची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर उतरवायला लावली, कारण मूळच्यांवर आता कसलाही प्रयोग करायचा नव्हता. सहा सरळ उतरल्या. चौथी आणि पाचवी अडखळत होत्या. एकेका ओळीपाशी यंत्र थांबायचं, पुन्हा वाचायचं, पुन्हा. तो मला समजावत होता, आणि मला वाटतं मला थोडं बरं वाटावं म्हणूनच समजावत होता. चौथीला जी ओळ आठवत नाही ती पाचवीला आठवत असली तरी पुरे. पाचवीला नसेल तर चौथीला हवी. दोघींतली एक त्या ओळीला जागी असली की बाकीच्या सहा मिळून ती जागा भरतात. दोघीही झोपलेल्या असतील ती ओळ गेली. शेवंती सकाळी त्याला पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, उंडे आणि पातळ भाजी आणून द्यायची. तिला कळलं होतं काय झालं ते. एकदा दारात उभी राहून म्हणाली, "माझ्या कुंकवान झालां मगो?" उल्हास पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "कुंकू लावतल्यान कुंकू लावलां. पुसतल्यान पुसलां नाय. तो मी." ती भाजीचं भांडं ठेवून गेली. मी तिथेच होतो. माझं नाव त्या हिशेबात आलंच नाही, आणि मी ते घातलं नाही.

बहुतेक सगळं परत मिळालं. गेलं ते एक सलग रेकॉर्डिंग: केरीच्या मांडावर, ढालो खेळायच्या अंगणात, सहा बायकांनी म्हटलेले ढालो, पाऊण तासाचे. उल्हासनेच स्वतःच्या वाड्यावर जाऊन केलेलं. त्या सहांतल्या चौघी तोवर वारल्या होत्या. अध्यक्षांचं उद्घाटनाचं भाषण मात्र पूर्ण वाचलं, दोन प्रतींत.

समितीची बैठक बसली. मी सांगायचं ठरवून गेलो होतो. वाक्यही तयार होतं, जरा जास्तच घडवलेलं. अध्यक्षांनी विचारलं, चूक कोणाची? ते स्वतः त्या दुपारी माझ्या शेजारी उभे होते, पण त्यांना विसरण्याची कला साधलेली आहे. मी खाकरलो, तेवढ्यात उल्हास म्हणाला, "तंत्रज्ञाची." मी काही बोलायच्या आत चिटणिसांच्या वहीत, म्हणजे माझ्याच वहीत, ते वाक्य मला लिहावं लागलं. बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. तो पायरीवर बसला. पाय फार सुजलेले होते. म्हणाला, "तुमचां नाव आयलां तर तुमी जातलात. तुमी गेलात तर ह्या मशीनाक विचारतलो कोण? तेच्यार झाडाची कुंडी ठेवतले. माझां काम गेलां तर काम जातलां, इतक्याच." मी म्हटलं, तुझं नाव जाईल. त्यावर तो थोडा हसला. "दोघांतलो एक पडूकच व्हयो तर खयचो पडल्यार चलता तां बघूचां, मास्तर."

ते मी ऐकून घेतलं. हा लेखाचा सगळ्यात कठीण भाग आहे आणि तो एका वाक्याचा आहे. ग्रंथालयाने उल्हासचं काम काढून पणजीच्या एका कंपनीला दिलं. तिची माणसं टाय लावून येत, यंत्राचा फोटो घेत आणि महिन्याच्या महिन्याला रंगीत अहवाल पाठवत, ज्यात यंत्र उत्तम असल्याचं लिहिलेलं असे. आणखी दोन कार्यालयांनी उल्हासला बोलावणं बंद केलं. डिचोलीत बातमीला स्कूटर लागत नाही. तो मात्र सभासद म्हणून वर्तमानपत्र वाचायला येत राहिला. आतल्या खोलीचं दार ढकलून पंख्यावरची धूळ पुसून जायचा. टायवाल्यांच्या अहवालात धुळीचं सदर नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने मला केरीला बोलावलं. सहांतल्या उरलेल्या दोघींना त्याने एकत्र आणलं होतं. एक केरीतलीच, दुसरी मुलीकडे वाळपईला राहायला गेलेली, तिला तो भाड्याच्या गाडीतून घेऊन आला होता. दोघी त्याच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसल्या, मध्ये रेकॉर्डर. सुरुवात झाली आणि दुसऱ्याच कडव्याला एक अडली. दुसरी म्हणाली, "गो, आदी मोर येता." पहिली म्हणाली मोर खूप मागे आहे, आधी विहीर येते, आणि तुला लग्नाआधीही काही आठवत नव्हतं. वाळपईची रागावली, म्हणाली, मोर आणि विहीर दोन्ही माझ्या सासूने शिकवलं, तुझ्या नव्हे. मग कुणाला तरी मधली ओळ सुचली आणि दोघी एकदम म्हणू लागल्या. असं चार वेळा झालं. एक अडली की दुसरी, दुसरी अडली की पहिली, आणि दोघी अडल्या तिथे उल्हासने थांबून वाट पाहिली, मांडीवर हात ठेवून. निम्मं गाणं मिळालं, जरा जास्तच. त्याने भांडणही रेकॉर्डमधून कापलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "तां काढलां तर मोर खयसून आयलो तां कळाचां नाय."

किडन्या गेल्यात हे तोवर कळलेलं होतं. आठवड्यातून तीनदा म्हापशाला, सकाळी जायचं, दुपारी पिळून काढल्यासारखं परत यायचं. शेवटचा मी त्याला पाहिला तो त्याच बाल्कांवात, कदेलावर, पाय स्टुलावर. बोलायची ताकद कमी होती पण शेरे जागच्या जागी होते. म्हणाला, "दोनव किडन्यो एकाच लॉटच्यो, मास्तर. डिस्का घेताना कदी एका लॉटच्यो घेऊ नयेत. एक गेली की दुसरी फाटोफाट." मी म्हटलं, मी आता समितीत सांगतो, पुरे झालं. तो म्हणाला, आधी दुसरी प्रत होऊ दे. पेडण्याला एका शाळेचं कपाट त्याने बघून ठेवलं होतं, कोरडं, पश्चिमेचं ऊन न येणारं. प्रत तिथे गेली की मग यंत्राला एका माणसाच्या मर्जीवर जगायला लागणार नाही. मग सांगा काय ते. मी हो म्हटलं. ती अट मला सोयीची होती, हेही इथे लिहून टाकतो. प्रत तयार होऊन पेडण्याला गेली ती तो गेल्यावर नऊ दिवसांनी. कपाटाची किल्ली लावताना शाळेच्या शिपायाने विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, भांडण.

मागच्या पंधरवड्यात समितीची बैठक झाली. मी उभा राहिलो आणि सांगितलं: चौथा खण मी ओढला, डिस्क माझ्या हातून पडली, इतिवृत्तातलं वाक्य चुकीचं आहे आणि ते दुरुस्त करावं. घडवलेलं वाक्य या वेळी नव्हतं. अध्यक्ष म्हणाले की मास्तरांच्या मनाचा मोठेपणा यातून दिसतो. दुसरे एक सदस्य म्हणाले, दिवंगत मित्राचा दोष आपल्या शिरावर घेणं ही आजकाल दुर्मीळ गोष्ट आहे. मी म्हटलं, दोष त्याचा नव्हताच. ते म्हणाले, तेच तर. टाळ्या वाजल्या. माझ्यावर विश्वास ठेवायला तिथे कुणी तयार नव्हतं, कारण माझं खरं बोलणं शोकसभेतल्या भाषणासारखं ऐकू आलं. असली भाषणं ऐकून हसण्यात माझा जन्म गेला, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करणार? इतिवृत्तात दुरुस्तीचा विषय विषयपत्रिकेवर नसल्याने घेता येत नाही, असं ठरलं. त्याऐवजी उल्हासच्या कार्याची स्मृती म्हणून त्याची तसबीर त्या खोलीत लावावी, असा ठराव एकमताने संमत झाला. मी विरोधात होतो, पण एकमत असल्यामुळे ते नोंदलं नाही.

तसबीर मोठी आली, चंदनाच्या हारासह. भिंतीला खिळा ठोकायला ओल आडवी आली, म्हणून तूर्त यंत्राच्या मागच्या बाजूला टेकवून उभी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी मला रेखाचा फोन आला. उल्हासचा मोबाइल तिने बंद केलेला नाही. रोज चार्ज करून फडताळावर ठेवते. म्हणाली, "मास्तर, ह्यांच्या फोनार मेसेज येतत. तुमचां मशीन तापलां म्हणान. सकाळपसून अकरा आयले." तेव्हा माझ्या लक्षात आलं की यंत्राने धोक्याचा निरोप कुणाला पाठवायचा, तो नंबर टायवाल्यांनी बदललाच नव्हता. दोन वर्षं प्रत्येक इशारा केरीला जात होता. वर्तमानपत्र वाचायला तो नेमका कुठल्या दिवशी यायचा, तेही मग कळलं. मी तिला विचारलं, नंबर बदलून घेऊ का, उगाच त्रास तुला? ती म्हणाली, "रवांदेत. कोणीतरी बघूक व्हयां."

मी ग्रंथालयात गेलो. गरम हवा बाहेर पडायची जाळी तसबिरीने पूर्ण झाकली होती. मी तसबीर उचलून वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवली. इतिवृत्तातलं वाक्य अजून तसंच आहे. यंत्राचं तापमान वीस मिनिटांत एकसष्टवरून अडतीसवर आलं.